पाचांत एकदा

टायरच्या दुकानातून मी चाकांचे नट आणले, डबाभर,
गंजके वेगळे, चकचकीत वेगळे.
"गंजका एक डॉलर, चकचकीत पाच," मिल्का म्हणाली
आणि टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या
कोपरानं बाजूला सारल्या.

एकोणतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली
ब्यूटच्या चढांवर, तांब्याच्या खाणीला वळसा घालून.
पत्तेही तशीच पिसते:
आरशात बघितल्यासारखी,
मागे कोण काय करतंय ते मान न वळवता ओळखून.

"आधी टाकायला शीक."
दहा वेळा पानं आली, आठ वेळा टाकायला लावली.
एकदा बदामचा राजा होता, सोबत किलवरची तिर्री.
मी म्हटलं, राजा आहे की!
"एकटाच आलाय. सैन्य कुठंय?
टाक."

मग खुर्च्या बदलल्या.
"शेवटी बोलणाऱ्याच्या जागी बस.
बाकीच्यांना बोलू दे, तू ऐक.
माझ्या बसमध्ये मागच्या बाकावरची पोरं
याच पद्धतीनं सगळं शिकली."

"आणि आत यायचं तर रेज करून ये.
दाराशी नुसतं कॉल, कॉल करत ताटकळू नकोस,
थंडी आत येते."

माझी मूठ झाकलेली होती, पण नट बोलत होते.
चांगली पानं आली की पंधरा,
थाप मारायची असली की चार, तेही लाजत लाजत.
"पॉटच्या अर्ध्याहून थोडे जास्त लाव.
एक्क्यांची जोडी असो, नाहीतर नुसती हवा,
माप तेच.
सव्वा लाखाची मूठ गंजक्या नटांवर घालवू नकोस, लेका."

गुरुवारी गस सालोच्या गॅरेजमध्ये खऱ्या चिप्स.
हीटरला डिझेलचा वास, भिंतीवर बर्फाच्या साखळ्या.
माझ्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन,
एक पान उघडायचं बाकी.
पॉटमध्ये तीस. ओडेलनं दहा लावले.
मी टेबलाखाली बोटांवर मोजलं:
न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ.
पाचांत एकदा.
आले तर चाळीस, गेले तर दहा.
जेमतेम बरोबरी. कॉल.

इस्पिकची सत्ती.

तासाभरानं पुन्हा तेच, अगदी तेच,
दोन बदाम, दोन बदाम, पॉट तीसचा.
या वेळी ओडेलनं तीस लावले
आणि नाक शिंकरलं.
कान गरम झाले माझे. मघाचे दहा आठवले.
पाचांत एकदा, आणि किंमत तीनांत एकदाची.
टाकली पानं.

बदामची राणी उघडली.
गस हसला. मिल्का हसली नाही,
तिनं फक्त कॉफी ढवळली, साखर न घालता.

परतताना माझ्या ट्रकमध्ये मी भडाभडा बोललो.
"दोन्ही वेळा बरोबर खेळलास," ती म्हणाली.
मग पैसे?
"ते वेगळं खातं. ते फार हळू भरतं.
म्हणून वीस वेळा हरलास तरी भाडं देता येईल
एवढेच घेऊन बसायचं."

चढाच्या पायथ्याशी रस्ता काचेसारखा.
आमच्या पुढून एक पिकअप गेला, घसरला, सावरला,
वर पोचला. त्याचे मागचे दिवे दिसले, मग गेले.
"तो चढला की," मी म्हणालो.
"चढला. चार चढतात."
तिनं हातमोजे घातले.
"माझ्या मागे चाळीस पोरं असायची."

ट्रक तिथंच लावला. चालत निघालो,
सहा गल्ल्या, सगळा चढ.
खिशात तीन नट राहिले होते, वाजत होते.
तिच्या बुटांना खिळे होते.
माझ्या नव्हते.